चालती पेढी विकतांना

जळगांवच्या दाणाबाजारांत किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एखाद्या जुन्या दुकानाची पाटी बदलली कीं शेजारचे दुकानदार हलक्या आवाजांत बोलूं लागतात. "शेटजींनीं पेढी विकली," या वाक्यांत माहिती थोडी आणि हळहळ फार असते. ऐकणारा लगेच विचारतो, "कां? बुडाली काय?" घर विकलें तर असा प्रश्न कोणी विचारीत नाहीं, दागिना मोडला तरी घरांत लग्नकार्य असेल असें समजून लोक गप्प बसतात. पण पेढी, गिरणी किंवा छोटा कारखाना विकणें म्हणजे कुळाची पत गेली, असा समज खानदेशच्या बाजारांत खोल रुजलेला आहे. या समजापायीं पुष्कळ चांगले धंदे विकावयाच्या वेळीं विकले जात नाहींत. आणि ज्या दिवशीं ते विकावेच लागतात, त्या दिवशीं त्यांत विकण्यासारखें फारसें कांहीं उरलेलें नसतें. धंदा चालू असतां विकणें व तो बंद पडल्यावर विकणें या दोन अगदीं निराळ्या गोष्टी आहेत. त्या निराळ्या कां व कशा, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे.

खानदेशाचे १९०६ सालीं पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १९६० पासून ते जळगांव व धुळें या नांवांनीं ओळखले जातात, आणि १९९८ सालीं धुळ्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. या मुलखाची काळी जमीन कापसाची. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानांतील कापसाचे भाव चढले. त्याच सुमारास आगगाडीही येथवर येऊन पोहोंचली. मग सरकी वेगळी करण्याचे जिनिंग आले, रुईच्या गांठी बांधणारे प्रेस आले, मागोमाग तेलाच्या व डाळीच्या गिरण्या आल्या. गेल्या पन्नास वर्षांत प्लास्टिकचे नळ व चटया यांचे कारखाने त्यांत सामील झाले. यांतील बहुतेक धंदे एकेका कुटुंबाचे आहेत. आजोबांनीं घातलेला, वडिलांनीं वाढविलेला धंदा आज तिसऱ्या पिढीच्या दाराशीं उभा आहे, आणि ती पिढी पुणें, बंगळूर किंवा परदेश गांठून बसली आहे. "पुढें काय?" हा प्रश्न म्हणूनच आतां एका घरापुरता राहिलेला नाहीं.

या प्रश्नाला खानदेशांतच दोन प्रसिद्ध उत्तरें मिळालेलीं आहेत. पहिलें अंमळनेरचें. तेथें २९ डिसेंबर १९४५ रोजीं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नांवाची कंपनी नोंदली गेली. महंमद हाशम प्रेमजी हे तिचे संस्थापक. वनस्पति तूप तयार करावें आणि त्यासोबत निघणाऱ्या पदार्थांतून कपडे धुण्याचा साबण करावा, असा तिचा साधा उद्योग. १९६६ च्या ऑगस्टमध्यें प्रेमजी वारले, आणि त्यांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचें शिक्षण अर्ध्यावर सोडून परत आले. वय अवघें एकवीस. भागधारकांच्या सभेंत एका भागधारकानें उठून त्यांना उघड सांगितलें कीं, हा कारभार तुमच्यासारख्या पोरवयाच्या माणसाला झेपणार नाहीं. आपले भाग विकून मोकळे व्हा आणि जाणत्या माणसांच्या हातीं कंपनी द्या. त्यांनीं भाग विकले नाहींत. तीच कंपनी १९७७ नंतर विप्रो या नांवानें ओळखली जाऊं लागली आणि पुढें संगणकाच्या धंद्यांत जगभर पोहोंचली. अंमळनेरांतील ज्या साध्यासुध्या कुटुंबांनीं आपल्याजवळचे भाग राखले, त्यांनाही त्याचें फळ मिळालें.

ही हकीकत सांगून "धंदा कधीं विकूं नये" असा बोध काढणारे पुष्कळ भेटतात. पण तो बोध अर्धाच आहे. अंमळनेरचा कारखाना तरला तो केवळ न विकल्यामुळें नव्हे. वारसानें आपलें उभें आयुष्य त्यांत घातलें, शिकलेलीं माणसें नेमलीं, आणि वडिलांच्या धंद्यापाशीं न थांबतां नवे धंदे आरंभिले. ज्या घरांत असा वारस आहे, त्यानें भागधारकाचा सल्ला खुशाल नाकारावा. पण मुलगा परगांवीं, मालक थकलेला, आणि केवळ नांवासाठीं गिरणीला कुलूप न लावतां ती कशीबशी रेटावयाची, असें जेथें आहे, तेथें अंमळनेरचा दाखला लागू पडत नाहीं.

दुसरें उत्तर जळगांवचें. वाकोदचे भवरलाल जैन यांनीं १९६३ सालीं ७ हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून व्यापारास आरंभ केला होता. १९७८ सालीं त्यांनीं जळगांव येथील केळ्यांची भुकटी करण्याचा एक कारखाना ३० लाख रुपयांना घेतला. कारखाना चौदा वर्षांचा जुना होता, आणि त्या काळीं ही किंमत भारी होती. घेतल्यावर त्यांनीं केळ्यांचा नाद सोडला. हिरव्या पपईला चिरा पाडल्या कीं जो पांढरा चीक निघतो, त्यापासून पपेन नांवाचें पाचक द्रव्य मिळतें. मांस मऊ करण्यासाठीं, बियर स्वच्छ राखण्यासाठीं व औषधांत त्याचा उपयोग होतो. तें द्रव्य शुद्ध करण्याचें काम त्यांनीं त्या कारखान्यांत सुरू केलें व माल परदेशीं पाठविला. प्लास्टिकचे नळ व ठिबक सिंचन यांचा मोठा व्याप पुढें वाढला तो यानंतर. एकाला जेथें केळ्याच्या भुकटीचीं जुनीं यंत्रें दिसत होतीं, तेथें दुसऱ्याला निराळ्याच मालाचा कारखाना दिसला. विकणाऱ्यानें यावरून एवढें शिकावें कीं, आपल्याजवळ जें आहे त्याचें मोल आपल्याच धंद्यांतला माणूस सर्वांत अधिक करील असें नाहीं. डाळगिरणी डाळवाल्यालाच दाखवावी, हा हट्ट नुकसानीचा आहे. कदाचित् मसाल्याच्या व्यापाऱ्याला तिचें कोरडें गोदाम व वाळवणाचें अंगण अधिक हवें असेल.

याच जळगांवच्या उद्योगानें पुढें आणखी एक धडा घालून दिला. कर्जाचा भार वाढल्यावर जैन इरिगेशननें आपला परदेशांतील सिंचनाचा व्यवसाय रिव्ह्युलिस या मूळच्या इस्रायली कंपनींत विलीन करण्याचा करार २०२२ सालीं केला व मार्च २०२३ मध्यें तो पुरा झाला. हेतु कर्ज हलकें करण्याचा होता. मूळ घर राखण्यासाठीं एक दालन दुसऱ्याला द्यावें, असा हा व्यवहार. लहान धंद्यालाही हा मार्ग मोकळा असतो. गिरणी विकून घाऊक दुकान ठेवतां येतें, किंवा दुकान देऊन गिरणी राखतां येते; सगळें किंवा कांहींच नाहीं, असें नसतें.

उलट बाजूही पाहावी. धुळें व चाळीसगांव येथील जुन्या कापडगिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. दुखणें बळावलेली गिरणी सरकारनें ताब्यांत घ्यावयाची, असा तो काळ होता. १९७४ च्या कायद्यानें देशभरांतील १०३ गिरण्या अशा रीतीनें सरकारच्या झाल्या. तेथें मालकाला भाव ठरवितां येत नाहीं, गिऱ्हाईक निवडतां येत नाहीं. छोट्या कारखान्याच्या बाबतींत सरकारच्या जागीं बँकेचा जप्तीचा अधिकारी येतो, एवढाच फरक.

आतां प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळावें. समजा, धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत एका गृहस्थाची तुरीच्या डाळीची गिरणी आहे. वडिलांनीं ती घातली, यानें चाळीस वर्षें चालविली. वय पासष्ट झालें. मुलगा पुण्यास संगणकाच्या नोकरींत, मुलगी नाशिकला सासरीं. गिरणींत बारा माणसें कामाला, त्यांत एक मुनीम वडिलांच्या वेळचा. या गृहस्थाजवळ विकण्यासारखें काय आहे? तो स्वतः म्हणेल, जागा आणि यंत्रें. पण तूर चाळणें, तिला तेलपाण्याचा हात देणें, वाळविणें, साल काढून भरडणें हीं कामें करणारीं यंत्रें पैसे टाकले कीं बाजारांत मिळतात. जें मिळत नाहीं तें असें: शिरपूर-शिंदखेड्याकडचा शेतकरी तुरीची गाडी प्रथम याच्याच फाटकाशीं आणतो, कारण माप खरें असतें आणि पैसे त्याच दिवशीं मिळतात, दूरच्या शहरांतले दुकानदार नमुना न पाहतां केवळ शब्दावर माल मागवितात, मुनीमाला कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिवस उधार द्यावें हें तोंडपाठ असतें. यालाच बाजारांत पत म्हणतात व कायद्यांत गुडविल म्हणतात. ही वस्तु गिरणी चालू आहे तोंवरच असते. पट्टे थांबले कीं शेतकरी महिन्याभरांत दुसरें फाटक शोधतो, माणसें दुसरीकडे लागतात, लोखंडाला गंज चढतो, आणि घेणारा वजनकाटा घेऊन भंगाराच्या भावानें बोलूं लागतो.

पतीची किंमत करावयाची तर ती वहींत दिसली पाहिजे. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा मनोभावें होते. पण कित्येक पेढ्यांत पूजा एका वहीची आणि खरा हिशेब दुसरीचा, असा प्रकार असतो. कर चुकविण्यापुरती ही युक्ति सोयीची वाटते. विक्रीच्या दिवशीं ती अंगाशीं येते. "वहींत सहा लाख दिसतात, पण खरे पंधरा सुटतात," असें मालकानें कितीही शपथेवर सांगितलें तरी घेणारा सहांवरच भाव करणार. शिवाय जो सरकारला खोटें सांगतो तो आपल्याला खरें कशावरून सांगत असेल, ही शंका त्याच्या मनांत येणारच. जो नफा वहींत नाहीं, तो किंमतींतही नाहीं. म्हणून ज्याला पांच वर्षांनीं धंदा विकावयाचा आहे, त्यानें वह्या आजपासून एक कराव्यात.

वहींतला नफा देखील जसाच्या तसा धरतां येत नाहीं. वरील गृहस्थाच्या गिरणीला वर्षाला १२ लाख रुपये सुटतात असें मानूं. पण तो स्वतः रोज दहा तास गादीवर बसतो व पगार घेत नाहीं. त्याच्या जागीं पगारी माणूस ठेवावा लागला तर ५ लाख जातील. गिरणीची जागा घरची आहे. ती भाड्यानें घ्यावी लागली असती तर २ लाख गेले असते. उलट, घरच्या मोटारीचा १ लाखाचा खर्च त्यानें गिरणीच्या खातीं टाकलेला आहे; तो परत मिळवावा लागेल. असा ताळा केला म्हणजे धंद्याची खरी कमाई ६ लाख निघते. पतीची किंमत या ६ लाखांवर ठरावयाची, १२ लाखांवर नव्हे. जागा विकावयाची असल्यास तिचा भाव निराळा. शिवाय तुरीचें एक साल तेजीचें, दुसरें मंदीचें असतें, म्हणून एका वर्षावर न जातां निदान तीन वर्षांची सरासरी धरावी. हा हिशेब मालकानें दलालाला बोलावण्यापूर्वीं स्वतः मांडावा. आपल्या घामाची मजुरी आपण नफा म्हणून मोजीत होतों, हें कळून कित्येकांना धक्का बसतो. पण तो धक्का गिऱ्हाइकासमोर बसण्यापेक्षां घरीं बसलेला बरा.

घाऊक व्यापाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथें यंत्रें नसतात. गोदामांतला माल आणि बाजारांतली उधारी हेंच सर्वस्व. मालाची किंमत हवाला देण्याच्या दिवशीं, दोन्ही पक्षांच्या देखत वजन करून, त्या दिवसाच्या बाजारभावानें धरावी. उधारीचे तीन भाग करावे: तीन महिन्यांच्या आंतली, वर्षाच्या आंतली आणि त्याहून जुनी. पहिल्या भागाला चांगला भाव येतो. तिसऱ्या भागाला कोणी भाव देत नाहीं. ती जुनी उधारी विकणाऱ्यानें आपल्याकडेच ठेवून सवडीनें वसूल करावी, हें उत्तम. आणि जें येणें आहे त्याच्याआधीं जें देणें आहे तें पाहावें. शेतकऱ्याच्या मालाचे पैसे बाकी ठेवून जो पेढी विकतो, तो दुसऱ्याला पेढी देत नाहीं, तंटा देतो.

व्यवहाराला हात घालण्यापूर्वीं घरांत विचारावें, ही गोष्ट सांगावी लागूं नये. पण सांगावी लागते. धंदा एकत्र कुटुंबाचा असेल तर त्यांत ज्यांचा ज्यांचा हिस्सा आहे त्यांची संमति हवी, आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदु एकत्र कुटुंबांत मुलगीही मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार आहे. तिची सही ही शेवटच्या दिवशीं टपालानें मागवावयाची वस्तु नव्हे. नाशिकच्या त्या मुलीला हिशेबाची जाण असेल, गिरणी चालविण्याची हौसही असेल. आजवर तिला कोणीं विचारलेंच नसेल. सुनेला विचारावें, पुतण्याला विचारावें. चाळीस वर्षें गिरणी ज्याच्या हाताखालून गेली त्या मुनीमालाही विचारावें. हप्त्यांनीं पैसे फेडूं शकणारा तोच एखादे वेळीं सर्वांत भरंवशाचा गिऱ्हाईक निघतो. या सर्वांनीं नाहीं म्हटलें म्हणजे मग बाहेर पाहावें. पुढें "मला कां नाहीं विचारलें?" असा डाग भावा-बहिणींत राहत नाहीं.

यानंतर कामावरच्या माणसांचा प्रश्न. मालक बदलला तर त्यांचें काय? खानदेशाबाहेरची, पण महाराष्ट्रांतलीच एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. बार्शी लाईट रेल्वे ही खासगी कंपनीची आगगाडी सरकारनें विकत घेतली आणि १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारी झाली. कंपनीनें आपल्या नोकरांची नोकरी संपविली. बहुतेकांना सरकारनें पुन्हां घेतलें. तरी जुन्या नोकरीबद्दल भरपाई मिळावी कीं नाहीं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजीं न्यायालयानें निकाल दिला कीं, धंदाच दुसऱ्याच्या हातीं गेला असतां नोकरी सुटणें ही त्या वेळच्या कायद्याप्रमाणें नोकरकपात ठरत नाहीं. निकालानें कामगारांच्या हिताला जी फट पडली ती बुजविण्यासाठीं १९५७ सालीं कायदा दुरुस्त झाला. तेव्हांपासूनचें तत्त्व असें: नव्या मालकानें माणसें खंड न पडतां ठेवलीं, पगार व अटी कमी केल्या नाहींत आणि जुनी नोकरी जमेस धरण्याचें पत्करलें, तर भरपाईचा प्रश्न येत नाहीं, यांतलें एकही सुटलें तर वर्षाहून अधिक नोकरी झालेल्यांना भरपाई द्यावी लागते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेंतही हें तत्त्व कायम आहे. म्हणून विक्रीच्या करारांत प्रत्येकाचें नांव, नोकरीचीं वर्षें, भविष्य-निर्वाहाची व ग्रॅच्युइटीची रक्कम यांची यादी जोडावी. वीस वर्षें पोतीं वाहिलेल्या हमालाची पाठ ही गिरणीच्या कमाईंत मोजली गेलेली आहे. ती तिच्या देण्यांतही मोजली गेली पाहिजे.

कायद्याच्या आणखी तीन गोष्टी गृहस्थांनीं ध्यानांत ठेवाव्यात. पहिली नांवाविषयीं. पेढीचें नांव विकलें म्हणजे तें गेलें. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाप्रमाणें कोणाला धंदा करण्याची बंदी घालणारा करार एरवीं निरर्थक असतो. पण नांवलौकिक विकणाऱ्यानें ठराविक मुलखांत तसाच धंदा न करण्याचें कबूल केलें, आणि तो मुलूख वाजवी असला, तर ती अट बंधनकारक आहे. "धुळें तालुक्यांत डाळगिरणी काढणार नाहीं," ही अट वाजवी. "सबंध हिंदुस्थानांत काढणार नाहीं," ही एका लहान गिरणीच्या विक्रींत टिकणें कठीण. दुसरी गोष्ट भागीदारीविषयीं. १९३२ च्या कायद्याप्रमाणें भागीदारी मोडल्याची जाहीर नोटीस राजपत्रांत व जिल्ह्यांतील देशी भाषेच्या वर्तमानपत्रांत दिल्यावांचून जुने भागीदार परक्या माणसांपुढें जबाबदार राहतात. म्हणजे पेढी दिली, पैसे घेतले, आणि वर्षानें दुसऱ्याच्या कर्जाचा समन्स आपल्या दारीं आला, असें होऊं शकतें. तिसरी गोष्ट जागेविषयीं. औद्योगिक वसाहतींतील भूखंड हा बहुधा महामंडळाचा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. त्याच्या हस्तांतराला आधीं मंजुरी लागते व तिची रक्कम भरावी लागते. बाजार समितीचा व अन्नपदार्थांचा परवाना नव्या मालकाला आपल्या नांवानें काढावा लागतो. सारा धंदा एकरकमी किंमतीला देणें आणि जागा, यंत्रें, माल तुकड्यांनीं देणें यांत कराचा मोठा फरक पडतो. म्हणून करसल्लागाराला सौदा ठरल्यावर नव्हे, ठरण्यापूर्वीं विचारावें.

वेळ कोणती साधावी? वेचणीला आलेला कापूस बोंडांतच राहूं दिला तर तो वाऱ्यानें गळतो, अवकाळी पावसानें डागाळतो. तीच गत धंद्याची. मालकाचे हातपाय चालत आहेत, नफा आहे आणि कर्ज आटोक्यांत आहे, तेव्हांच बोलणें सुरू करावें. कारण अशा वेळींच "भाव पटला नाहीं, देत नाहीं" असें म्हणण्याची ताकद असते. वर्षांतला काळ निवडावयाचा तर हंगाम उलगडल्यावरचा निवडावा. कापसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशीं ओसरतो. त्यानंतर जिनिंगचें गोदाम रिकामें, उधारी कमी आणि बँकेचें देणें उतरलेलें असतें, त्यामुळें घेणाऱ्याला भांडवल कमी लागतें. बोलणें मात्र मोजक्या माणसांत ठेवावें. सौदा पुरा होण्याआधीं बाजारांत कुजबूज झाली कीं घेणेकरी धांव घेतात, शेतकरी रोख मागूं लागतो, आणि चांगली चाललेली पेढी केवळ अफवेनें अडते. सौदा पक्का झाला म्हणजे मात्र तो कामगारांना मालकाच्या तोंडून कळावा, चहाच्या टपरीवरून नव्हे.

किंमत हप्त्यांनीं येणार असेल तर राहिलेल्या रकमेला पक्कें तारण घ्यावें. घेणारा जुन्या ओळखीचा असला तरी घ्यावें. त्यानें ओळख टिकते. आणि एक हंगामभर विकणाऱ्यानें नव्या मालकाच्या शेजारीं बसावें. त्याला शेतकऱ्यांची, दलालांची, दूरच्या दुकानदारांची ओळख करून द्यावी. तुरीचा दाणा दांताखालीं धरून ओल कशी ओळखावी हें दाखवावें. ही एका हंगामाची सोबत करारांत लिहून ठेवावी व तिचा मोबदलाही ठरवावा. हंगाम सरल्यावर मात्र उठावें. दुसऱ्याच्या गादीवर बसून "आमच्या वेळीं असें नव्हतें" म्हणत राहणारा जुना मालक नव्या मालकाला जड होतो.

एवढें सारें नीट झालें तरी मालकाच्या मनाला लागतेंच. ज्या फाटकाची किल्ली चाळीस वर्षें कमरेला होती ती दुसऱ्याच्या हातांत देतांना हात जड होतो, यांत कमीपणा नाहीं. पण व्यवहार चांगला झाला कीं नाहीं, हें त्या दिवशीं कळत नाहीं. तें पुढच्या माघ-फाल्गुनांत कळतें. नवी तूर बाजारांत येते. शिरपूरकडचा तोच शेतकरी पाटीवरचें नवें नांव पाहून क्षणभर थबकतो आणि तरी गाडी आंत घालतो. मुनीम तोच असतो, माप तेंच असतें. आणि संध्याकाळीं परत निघतांना त्याच्या खिशांत त्या दिवशींचे पैसे त्या दिवशींच पडलेले असतात.